गच्चीवरून दिसणारं माहेर

आमच्या सासरच्या घराच्या गच्चीवर रात्री उभं राहिलं की तापीच्या पल्याडचे दिवे दिसतात. डावीकडून तिसरा पुंजका म्हणजे माझं माहेर. लग्न होऊन आले त्याला एकेचाळीस वर्षं झाली. तेव्हा तिथं दोन-चारच दिवे लुकलुकायचे, आता ओळीच्या ओळी दिसतात. चैत्र-वैशाखात त्या दिव्यांपाशी मी पाऊण-एक तासात पायी पोचत असे. श्रावणात तेच दिवे गाठायला निम्मा दिवस मोडायचा.

सासर चोपडा तालुक्यात, खेडीभोकरीच्या बाजूला. माहेर जळगाव तालुक्यात, भोकरच्या अंगाला. मधे तापी. इकडं भोकरी, तिकडं भोकर. नावं ऐकली की एकाच मायच्या लेकरांची वाटावीत. या दोघांच्या मधे आता पक्का पूल होतो आहे. नदीपात्रात खांब उभे राहिलेत, क्रेन आली आहे, आणि आमच्या घरी दर जेवणाला पुलाचा विषय निघतो.

पूल झाला की दोन गावं जोडली जातील, असं सगळेच म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. ही गावं जोडलेलीच होती. माझी आजी इकडून तिकडं दिली होती, मी तिकडून इकडं आले, माझ्या नणंदेची लेक पुन्हा तिकडं गेली. आठ महिने आमचं येणं-जाणं मोकळं असायचं. तुटायचं ते पावसाळ्याचे चार महिने, आणि त्या चार महिन्यांत काय काय तुटायचं हे नदीकाठी राहिल्याशिवाय समजत नाही. हा पूल त्या चार महिन्यांसाठी आहे.

आमच्याकडं आखाजीला लेकी माहेरी जातात. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. निंबाला झोका बांधायचा, गौराईची गाणी म्हणायची, मांडे आणि आंब्याचा रस खायचा. हा सण वैशाखात येतो. तेव्हा तापी अंग चोरून एका कडेनं वाहत असते. मी सकाळी सहाला निघायची. आधी काठावरच्या भुसभुशीत मातीच्या घळी उतरायच्या, मग वाळूचा लांबच लांब पट्टा. नऊ वाजले की ती वाळू चपलेच्या आतून चटके द्यायची, म्हणून पहाटेच निघायचं. वाटेत डांगरमळे लागायचे. पात्रातल्या ओलीवर लावलेली टरबुजं आणि डांगरं, राखणीला काटक्यांची खोपटी. राखणदारीण बाई ओळखीची. ती पोराच्या हातात एखादं डांगर ठेवल्याशिवाय पुढं जाऊ द्यायची नाही. मग पाण्याची धार, आणि तिच्यावर लाकडी पूल.

तो लाकडी पूल दरवर्षी नवा. पाऊस सरला, पाणी उतरलं की ठेकेदाराची माणसं पात्रात खांब रोवायची, वर फळ्या टाकायची आणि पुढच्या पावसापर्यंत तो वापरायचा. माणसाचे, मोटरसायकलचे ठरलेले पैसे. मोटरसायकल गेली की सगळ्या फळ्या एकामागून एक खडखड वाजत जायच्या, तो आवाज दूरवर ऐकू यायचा. माझी माय तिकडच्या काठावर चिंचेखाली बसलेली असायची. ती म्हणायची, फळ्या वाजल्या की माझ्या पोटात हलतं.

म्हणजे आखाजी आमची होती. राखी मात्र नदीची होती.

राखी श्रावणात. तेव्हा लाकडी पूल काढून ठेवलेला आणि नदी दोन्ही काठ धरून गढूळ वाहत असते. नाव असायची, पण पाणी चढलं की नावाडीच नाही म्हणायचा. मग दोनच वाटा उरायच्या. एक चोपड्याहून अडावद, धानोरा करत विदगावच्या पुलावरून जळगावला आणि तिथून मागं फिरून कानळद्यावरून भोकरकडं. दुसरी अमळनेरच्या रस्त्यानं निमगव्हाणजवळच्या पुलावरून तापी ओलांडायची आणि धरणगावकडून वळसा घालायचा. दोन्हीकडं एसटी बदलायच्या. समोर दिसणाऱ्या गावाला जाण्यासाठी आधी त्याच्याकडं पाठ फिरवून निघावं लागायचं. पोरं लहान होती तेव्हा विचारायची, आई, मामाचं गाव तर तिकडं आहे, मग गाडी इकडं का चालली?

एका वर्षी पाऊस असा लागला की जळगावहून पुढं भोकरकडची एसटी बंद. मी पोरांना घेऊन विदगावच्या पुलापर्यंत आले होते. भाऊ कुणाची तरी मोटरसायकल मागून चिखलातून तिथवर आला. पुलाच्या कठड्याला टेकून, खालून लाकडाचे ओंडके वाहत चाललेले, वरून झिमझिम, अशात मी त्याला राखी बांधली. ओवाळायला ताट नव्हतं, पिशवीत झाकणाच्या डब्यात कुंकू आणलं होतं, ते ओलं होऊन पसरलं. पेढा अर्धा त्याला, अर्धा पोरांना. पाच मिनिटांत तो तिकडं आणि आम्ही इकडं. पुलाशी माझं नातं जडलं ते त्या दिवशी. माणसाला थांबायला जागा म्हणूनसुद्धा पूल लागतो, हे मला तेव्हा कळलं.

कानबाईचंही तसंच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, तिला साडी. भाऊबंद कुठंही असले तरी मूळ घरी गोळा होतात आणि रोट होतात. रोटाचा नियम कडक आहे: ते भाऊबंदांनीच संपवायचे, बाहेर कुणाला द्यायचे नाहीत. सासऱ्यांच्या चुलत्यांची एक पाती पल्याड राहते. नदी चढलेली असली की ते येऊ शकायचे नाहीत, आणि गहू तर त्यांच्यासकट माणसागणिक मोजलेला. सासूबाई त्यांच्या वाट्याचे रोट वेगळ्या टोपलीत ठेवायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते आम्हीच खायचो, पण खाताना कुणी बोलायचं नाही.

मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. जिल्ह्याचा नकाशा काढायला लावला की पोरं आधी तापीची निळी रेघ ओढायची आणि मग तिच्यावरूनच तालुक्याची तुटक रेघ. मी सांगायची, एक रेघ नदीची, एक सीमेची, दोन्ही वेगळ्या काढा. खरं तर इथं त्या वेगळ्या काढताच येत नाहीत. या ठिकाणी तापी ही चोपडा आणि जळगाव या दोन तालुक्यांची सीमा आहे. विधानसभेचे मतदारसंघ दोन: इकडं चोपडा, तिकडं जळगाव ग्रामीण. २००८ च्या फेररचनेपासून लोकसभाही दोन: चोपडा रावेरमध्ये, पलीकडचा काठ जळगावमध्ये. म्हणजे या दोन गावांच्या मधे पूल मागायचा तर दोन आमदार, दोन खासदार, दोन तहसील आणि दोन्ही काठांवरची माणसं एका वेळी एका मताची व्हावी लागतात. एका काठानं मागून भागत नाही. आपल्याकडं बरेचसे रस्ते तालुक्याच्या हद्दीपाशी येऊन बारीक होत जातात आणि हद्दीवर संपतात, त्याचं कारण हेच आहे. हद्दीवरचा माणूस दोघांचाही असतो, म्हणून तो कुणाच्याच यादीत वर येत नाही.

आमच्या काठाला दुसरीही एक ओढ आहे. रेल्वे सगळी तिकडं. सुरतेकडून येणारी तापी खोऱ्यातली जुनी रेल्वे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत नदीच्या दक्षिण अंगानं जळगावला मिळते. चोपडा तालुक्यात रूळच नाहीत. मोठे दवाखाने, विद्यापीठ, कोर्ट, कलेक्टर कचेरी, सगळं पल्याड. इकडून केळी जाते, कापूस जातो, दूध जातं आणि माणसं जातात ती दवाखान्यासाठी. माझ्या सासऱ्यांना भाद्रपदात छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांना नेताना गाडी आधी चोपड्याला, मग अडावद, मग विदगाव अशी गेली. ते वाचले. पण त्या रात्री मी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि खिडकीतून नदीपलीकडचे दिवे आमच्याबरोबर चालल्यासारखे दिसत होते.

हद्दीचं हे दुखणं नवं आहे, नदी जुनी आहे. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला तापी उगम पावते, चांगदेवला तिला पूर्णा मिळते, मग ती जळगाव, धुळे, नंदुरबार करत सुरतेजवळ समुद्राला भेटते. लांबी ७२४ किलोमीटर. फारुकी सुलतानांची खान्देशची राजधानी आधी थाळनेरला, मग बऱ्हाणपूरला, दोन्ही तापीच्याच काठी. इंग्रजांनी १९०६ साली खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. १९६० साली महाराष्ट्र झाला तेव्हा पश्चिम खान्देशातली काही गावं गुजरातेत गेली. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. एकाच नदीकाठच्या माणसांना तीन राज्यांत वाटून टाकलं, आणि तरी सोयरिकी चालूच राहिल्या. आमच्या चोपडा तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे, तिथं तर राज्याचीच हद्द. उमर्टी नावाचं गाव महाराष्ट्रात आहे आणि मध्य प्रदेशातही आहे. इकडचे पावरा-बारेला आणि तिकडचे पावरा-बारेला बोली एकच बोलतात, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात एकाच ढोलावर नाचतात. मी काही वर्षं त्या बाजूच्या एका वस्तीजवळच्या शाळेत नोकरी केली. पावसाळ्यात नाला चढला की पलीकडची पोरं आठ-आठ दिवस शाळेत यायची नाहीत. तिथं पाच-सात मीटरची मोरी झाली तरी एका पोराचं वर्ष वाचतं.

मागच्या उन्हाळ्यात भावाबरोबर मी पुलाचं काम बघायला गेले. कामावर लातूरकडचा एक तरुण इंजिनियर होता. मी शिक्षिका म्हटल्यावर त्यानं कंटाळा न करता काठीनं वाळूत आकृती काढून सगळं समजावलं. त्यानं सांगितलेलं मी माझ्या शब्दांत सांगते, कारण पुलाखाली काय चाललेलं असतं हे पुलावरून जाणाऱ्याला कधीच दिसत नाही.

तापीच्या खोऱ्यात गाळ फार खोल आहे. यावल-रावेरकडं बोअर मारणाऱ्यांना विचारा, शेकडो फूट खाली गेलं तरी माती आणि वाळूच लागते. खडक हाती लागला तर पाया त्याच्यावर टेकवता येतो. तो फार खोल असला तर जमिनीत लांबलचक काँक्रीटचे सोट उतरवतात आणि भोवतालच्या मातीच्या पकडीवर पुलाचं वजन पेलतात. म्हणून पहिलं काम खांबाचं नसतंच. ठिकठिकाणी बोअर मारून कितव्या मीटरला काय लागतं ते बघायचं, नमुने तपासायचे, मग पाया ठरवायचा. गावकऱ्यांना वाटतं, सहा महिने झाले, नुसती भोकं पाडतात. त्या भोकांवरच सगळं अवलंबून असतं.

दुसरी गोष्ट त्यानं विचारून सांगितली. म्हणाला, "मावशी, वाहत्या पाण्यात अनवाणी उभं राहिल्यावर काय होतं?" मी म्हटलं, टाचेखालची वाळू सरकते आणि पाय खाली जातो. तापी पायी ओलांडलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. उभं राहायचं नाही, चालत राहायचं, हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. तो म्हणाला, पुलाच्या खांबाचंही अगदी तेच होतं. पुराचं पाणी खांबाला अडतं, त्याच्या पायाशी भोवरे धरतं आणि तिथली वाळू खोदून नेतं. पूर ओसरला की वाळू पुन्हा भरते, म्हणून वरून काही कळत नाही. पण पुराच्या ऐन भरात त्या खांबाखाली मोठा खड्डा झालेला असतो. खांबाला चालत राहता येत नाही. म्हणून पाया त्या खड्ड्याच्याही बराच खाली न्यावा लागतो. आणि म्हणूनच पुलाच्या जवळपास वाळू उपसायला बंदी असते. हे सांगताना त्याचा आवाज वेगळा झाला, आणि मी काठावरच्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांकडं पाहिलं. पुलाशेजारची वाळू रात्री चोरून नेणारा माणूस आपल्याच बहिणीच्या वाटेखालची जमीन काढून नेतो. दोन्ही काठांवरच्या ग्रामपंचायतींनी हे लक्षात घ्यावं, एवढं मी या लेखातून हात जोडून सांगते.

मग उन्हाचं. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो. काँक्रीट उन्हानं लांबतं. तीस मीटरचा एक गाळा थंडीच्या पहाटेपासून वैशाखाच्या दुपारपर्यंत साधारण एक सेंटीमीटर वाढतो. त्याला वाढायला जागा दिली नाही तर तो खांबालाच ढकलतो. म्हणून दोन गाळ्यांमध्ये फट ठेवतात आणि खांबाच्या डोक्यावर, गर्डरच्या खाली, रबर आणि पोलादी पत्र्यांच्या थरांची जाड उशी बसवतात. ती उशी मी हात लावून पाहिली. मसाल्याच्या पाट्याएवढी, काळी, दाबली तर दबत नाही. एवढ्या अवजड पुलाचं हलणं-डुलणं ती सोसते. गाडी पुलावरून जाताना ठरावीक अंतरानं जो टक-टक आवाज येतो तो त्या फटींचा. मला एकदम फळ्यांचा आवाज आठवला.

हे सगळं काम कधी करायचं, तर कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत. भुसावळजवळ हतनूर धरण आहे, १९८२ साली पूर्ण झालेलं, ४१ दरवाज्यांचं. आमच्याकडं थेंब पडलेला नसला तरी वर बैतूल-बऱ्हाणपुराकडं किंवा पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस झाला की ते दरवाजे उघडतात आणि कोरड्या दिवशी आमच्या पात्रात पूर येतो. म्हणून पावसाळ्यात पात्रातलं काम बंद. वर्षातले जेमतेम सात-आठ महिने हाताशी येतात, त्यातही एखादा अवकाळी खाऊन जातो. मोठ्या नदीवरच्या पुलाला वर्षं लागतात त्याचं हे खरं कारण आहे. बाकीची कारणंही असतात, ती सगळ्यांना ठाऊक आहेत.

पण घाई केली की काम वाईट होतं असंही नाही. महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि आणखी वाहनं वाहून गेली. मी ती बातमी शाळेत परिपाठाच्या वेळी वाचली होती आणि पुढं वाचवेना. तिथं नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, ५ जून २०१७ ला तो सुरू झाला. मुंबई-गोव्याच्या रस्त्यावर होता म्हणून हे झालं. आमच्यासारख्या दोन तालुक्यांच्या शिवेवरच्या पुलाला ती निकड कुणाला वाटत नाही. आमची दोन एसटी भरतील एवढी माणसं एका रात्रीत वाहून गेली नाहीत. ती वर्षानुवर्षं थोडी थोडी खोळंबली, एवढंच.

आणि पूल उभा राहिला म्हणजे काम संपलं, असंही नसतं. सप्टेंबर २०२३ च्या पुरात खाली सारंगखेड्याला तापीच्या पुलाजवळचा भराव वाहून गेला. पूल जागेवर, पण त्याला जोडणारा रस्ता खचलेला. पुलाचा कच्चा भाग बहुतेक वेळा हाच असतो, काठाशी मातीचा भराव घालून केलेला जोडरस्ता. आमच्या तापीचे काठ मऊ मातीचे. पावसानं घळी पडतात, दरवर्षी थोडा काठ आत सरकतो. माझ्या आजोबांच्या वेळची एक विहीर आज पात्रात उभी आहे. म्हणून मी त्या इंजिनियर मुलाला खांबांपेक्षा भरावाबद्दलच जास्त विचारलं: दगडी अस्तर कुठपर्यंत येणार, पाणी निघायला मोऱ्या किती ठेवल्यात. तो हसला आणि म्हणाला, असे प्रश्न तपासणीला येणारे साहेबही विचारत नाहीत.

पुलाच्या दोन्ही टोकांची ही गोष्ट दोन देशांच्या पुलालाही चुकलेली नाही. त्रिपुरातलं सब्रूम आणि बांगलादेशातलं रामगढ यांच्या मधे फेणी नदीवर १.९ किलोमीटरचा मैत्री सेतू बांधला, ९ मार्च २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं. पूल तयार, पण माणसं आणि माल तपासून सोडायची नाकी तयार व्हायला पुढं वर्षं गेली. उलट आपल्याकडं गडचिरोलीत सिरोंचाजवळ गोदावरीवर पूल झाला आणि पलीकडचं तेलंगणातलं कालेश्वर हाकेच्या अंतरावर आलं. तिथल्या सिरोंचा भागात मराठी आणि तेलुगू एकाच घरात बोलतात. तिथल्या बायकांना मी कधी भेटले नाही, पण पूल झाल्यावर पहिल्या श्रावणात त्यांच्या घरी काय झालं असेल हे मला न सांगता कळतं.

आमच्या पुलाची किंमत माझ्या माहेरानंही मोजली आहे. पल्याडच्या बाजूचा जोडरस्ता भावाच्या शेताच्या कडेवरून जातो. काही गुंठे गेले. गुंठ्यांचं त्याला फार वाटलं नाही, पण त्या गुंठ्यांत ती चिंच होती. माय जिच्याखाली बसायची ती. नदी ओलांडून आलेल्या बायका तिथं पदरानं तोंड पुसायच्या, लेकराला पाजायच्या, सासरचं दुःख सांगून डोळे पुसूनच गावात शिरायच्या. चिंच तोडली त्या दिवशी भावानं मला फोन केला आणि पुष्कळ वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, तू आता गाडीत बसूनच येशील. चिंचेचं काय काम?" मी त्याला सांगितलं, जोडरस्ता संपतो तिथं दुसरी लाव. त्यानं निंब लावला आहे. निंब लवकर वाढतो, म्हणाला.

मला काळजी वाटते ती नावाड्याची. तीन पिढ्या ते घर नाव चालवतं. नदीची सगळी भाषा त्याच्याकडं आहे: कुठं डोह, कुठं वाळूचा उंचवटा, पाण्याचा रंग कसा झाला म्हणजे वरून पूर येतो आहे. इंजिनियर मुलानं मला सांगितलं की पुराची सर्वांत उंच खूण कुठं होती हे त्यांनी सरकारी नोंदीवरून काढलं, आणि मग नावाड्यालाही विचारलं. त्यानं काठावरच्या देवळाच्या ओट्यावर बोट ठेवून दाखवलं. पूल सुरू झाला की लोकांना त्याच्याकडं यायचं कारण उरणार नाही. मासेमारीवर एक घर चालेल, तीन भावांची तीन घरं चालणार नाहीत. पुलाच्या देखरेखीला, पूर आला की रस्ता बंद करायला, पाण्यावर लक्ष ठेवायला माणसं लागतातच. ती या घरातली घेतली तर नदीचं ज्ञान पुलाच्या कामी येईल. मी हे दोन्ही ग्रामपंचायतींना लेखी दिलं आहे, आणि दोन्हीकडून पोच घेतली आहे.

ज्येष्ठ सरत आला तेव्हा पुन्हा एकदा गेले. आभाळ भरून आलं होतं. पात्रातली माणसं सेंटरिंगच्या प्लेटा, सळया, पंप सगळं काठावर ओढत होती. क्रेन आधीच वर चढवून ठेवलेली. खांब वाळूत एकटे उभे होते, डोक्यावरच्या सळया आभाळाकडं उघड्या. त्यांच्या थोडं वरच्या अंगाला ठेकेदाराची पोरं लाकडी पूल उसकत होती. एक फळी उपटायची, खिळा वाकलेला असला तर सरळ करायचा, फळीवर खडूनं आकडा घालायचा आणि डोक्यावर घेऊन काठावर नेऊन रचायची. मी आकडे पाहत बसले. काही फळ्यांवर मागच्या वर्षीचे, त्याच्याही आधीच्या वर्षीचे आकडे पुसट दिसत होते.

नावाडी नाव उलटी घालून तिच्या सांध्यांत डांबर भरत होता. मला पाहून त्यानं हात थांबवला.

"राखीले येशी ना वं माय?"

"येस ना भाऊ," मी म्हटलं. "पाणी उतरलेलं असलं तर तुझ्या नावेतून."

त्यानं वर पाहिलं, आभाळाकडं आणि मग खांबांकडं, आणि पुन्हा डांबर भरायला लागला.